लोइस मेलू जोन्स: ४७ वर्षं जलरंग शिकवणारी चित्रकर्ती

गार्गी_दे (मूळ धागा)

होमर आणि सार्जंट या अमेरिकन चित्रकारांच्या जलरंगांवर या विभागात आपण पुष्कळ बोललो आहोत. ज्या बॉस्टनच्या संग्रहालयाने सार्जंटची जलरंगातली चित्रं १९१२ साली एकगठ्ठा विकत घेतली, त्याच शहरात वाढलेल्या आणि त्याच संग्रहालयाच्या शाळेत शिकलेल्या एका बाईबद्दल मात्र इथे एक ओळही सापडली नाही. म्हणून हा धागा.

लोइस मेलू जोन्स. जन्म ३ नोव्हेंबर १९०५, बॉस्टन. मृत्यू ९ जून १९९८, वॉशिंग्टन. १९३० ते १९७७ पर्यंत वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात तिने संकल्पचित्र (डिझाइन) आणि जलरंग शिकवले. कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकारांच्या दोन-तीन पिढ्या तिच्या वर्गातून गेल्या.

वडील एका इमारतीची देखभाल बघायचे. ती नोकरी सांभाळून कायदा शिकले आणि चाळिशीत पदवीधर झाले. आई केशरचनेचं काम करायची, टोप्या बनवायची. दोघांनी मुलीच्या हातात रंग दिले आणि पुन्हा काढून घेतले नाहीत. त्या काळात हे साधं नव्हतं. उन्हाळा मार्थाज व्हिनयार्ड बेटावर जायचा. तिथे तिला शिल्पकार मेटा वॉरिक फुलर आणि संगीतकार हॅरी बर्ली भेटले. दोघांचा सल्ला एकच: चित्रकार व्हायचं असेल तर फ्रान्सला जा, इथे तुला कोणी उभं करणार नाही.

१९२३ ते १९२७ ती संग्रहालयाच्या शाळेत शिकली, तेही शिष्यवृत्तीवर. नंतर कापडासाठी नक्षीकाम करू लागली. बॉस्टन-न्यूयॉर्कच्या कंपन्या तिची डिझाइन्स घ्यायच्या आणि ती पडद्यांवर, गाद्यांवर छापली जायची. एकदा एका सजावटकाराच्या दुकानात तिला आपलंच कापड दिसलं. हे माझं काम आहे, असं तिने सांगितलं, तर समोरच्या माणसाला ते खरंच वाटेना. काळी मुलगी असलं काम करू शकते? कापडावर नक्षी काढणाऱ्याचं नाव नसतंच. त्या दिवसानंतर तिने ठरवलं की आपलं नाव लागेल असंच काम करायचं, म्हणजे चित्रं.

शिकली त्या शाळेत सहायक म्हणून काम मागायला गेली तेव्हा तिला दक्षिणेत जाऊन 'आपल्या लोकांना' मदत करायचा सल्ला मिळाला. ती गेली. नॉर्थ कॅरोलायनातल्या सेडॅलिया गावी शार्लट हॉकिन्स ब्राउन यांची पामर मेमोरियल इन्स्टिट्यूट ही कृष्णवर्णीय मुलांची शाळा होती. तिथे तिने कला विभाग उभा केला. शिवाय बास्केटबॉल शिकवलं, लोकनृत्यं बसवली, रविवारी पियानोही वाजवला. दोन वर्षांनी हॉवर्डच्या कला विभागाचे प्रमुख जेम्स हेरिंग यांनी तिचं काम पाहिलं आणि तिला वॉशिंग्टनला नेलं.

तिच्यावर लिहिताना लोक शिकवणं एका परिच्छेदात उरकतात आणि मग 'खऱ्या' कारकिर्दीकडे वळतात. मला ते पटत नाही. ती चित्रं विकून जगत नव्हती, पगारावर जगत होती. म्हणून कुठल्याही गॅलरीला हवं तसं रंगवायची वेळ तिच्यावर आली नाही. तुम्हाला काय वाटतं, लिहा.

कोऱ्हाळकर

धन्यवाद गार्गीताई, हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. एक शंका. हॉवर्ड म्हणजे कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ ना? इतकी शिकलेली बाई दुसऱ्या कुठल्या विद्यापीठात गेली असती तर जास्त नाव झालं नसतं का?

गार्गी_दे

@कोऱ्हाळकर, हो, १८६७ साली स्थापन झालेलं. दुसरीकडे जायला दार उघडं असायला हवं ना! तिची पहिल्या काळातली विद्यार्थिनी एलिझाबेथ कॅटलेट हिचंच बघा. पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेने तिला प्रवेश नाकारला, कारण रंग. मग ती हॉवर्डला आली, जोन्सच्या हाताखाली शिकली आणि १९३५ साली पदवीधर झाली. पुढे मेक्सिकोत राहून विसाव्या शतकातली मोठी शिल्पकार आणि मुद्राचित्रकार झाली. नाकारलेल्या सगळ्यांना एका छताखाली आणणारी ती जागा होती. जेम्स पोर्टर, जेम्स वेल्स आणि जोन्स असे तिघे तिथे वर्षानुवर्षं शिकवत होते.

वसुधा_मेरीलँड

वॉशिंग्टनच्या जवळच राहते, त्यामुळे तिची बरीच चित्रं प्रत्यक्ष पाहता आली. स्मिथसोनियनच्या अमेरिकन कला संग्रहालयात १९३८ चं 'ले फेतिश' आहे. आकाराने बेताचंच. काळोख्या पार्श्वभूमीवर आफ्रिकी मुखवटे एकमेकांवर आलेले आणि उजवीकडे लालसर छोटी मूर्ती. छापील प्रतीत मुखवटे ठेवणीतल्या वस्तूंसारखे स्थिर वाटतात. समोर उभं राहिलं की ते काळोखातून पुढे येताना दिसतात, कारण कडांना तिने रंग अगदी कोरडा ओढलाय.

हे पॅरिसमधलं काम. १९३७ साली शिष्यवृत्ती घेऊन ती वर्षभर अकादमी ज्युलियाँ या तिथल्या कलाशाळेत गेली होती. सीनच्या काठी बसून रंगवत असताना एमिल बर्नार्डने तिचं काम पाहिलं आणि उत्तेजन दिलं. हा बर्नार्ड म्हणजे व्हॅन गॉग आणि गोगँचा मित्र. 'ले फेतिश' दाखवल्यावर मात्र तिचे शिक्षक बुचकळ्यात पडले. वर्षभर पॅरिसचे रस्ते आणि फुलं रंगवणारी ही मुलगी एकदम मुखवट्यांकडे कशी वळली? तिचं म्हणणं असं की मातीस आणि पिकासो आफ्रिकेतून घेतात ते तुम्हाला चालतं, मग ज्यांचा तो वारसाच आहे त्यांनी का घेऊ नये? शिक्षकांकडे यावर उत्तर नव्हतं.

मुखवटे तिला नवे नव्हते. शाळकरी वयात ती बॉस्टनमध्ये एका वेशभूषाकार बाईंच्या हाताखाली नृत्यपथकासाठी मुखवटे करायची.

रंगपेटी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे मूळ धाग्यातला शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र करत ग्रेड परीक्षेची मुलं तयार करायची, वर्गसजावट करायची, स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवायचे. परीक्षा जवळ आल्या की चित्रकलेचा तास गणिताला जातो. संध्याकाळी घरी स्वतःचा कागद ताणून लावण्याइतकी ताकद राहत नाही. म्हणून मला जोन्सबाईंबद्दल नेमकं हे जाणून घ्यायचंय: त्यांनी स्वतःचं काम कधी केलं? हा प्रश्न मनापासून विचारतेय.

गार्गी_दे

रंगपेटीताई, माझ्या वाचनात आलेलं सांगते.

पहिलं म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. युद्ध संपल्यावर ती बहुतेक उन्हाळे फ्रान्समध्ये काढायची. पॅरिसमध्ये भाषेच्या अडचणीपायी सेलीन ताबारी नावाची फ्रेंच चित्रकार मैत्रीण तिच्या मदतीला दिली होती. ती मैत्री आयुष्यभर टिकली. लोइस सुट्टीत जाऊन उघड्यावर बसायची आणि समोर दिसेल ते रंगवायची.

दुसरं, वॉशिंग्टनचं घर. क्विन्सी स्ट्रीटवरच्या घराच्या माळ्यावर स्टुडिओ होता. ताबारी युद्धाच्या काळात वॉशिंग्टनलाच होती. दोघींनी मिळून त्या माळ्यावर 'लिटल पॅरिस' नावाचा गट चालवला. त्यात बहुतेक जण शाळाशिक्षकच होते. दिवसभर मुलांना शिकवून आलेली माणसं तिथे मॉडेल बसवून रेखाटनं करायची, एकमेकांच्या कामावर बोलायची, वर्षाकाठी प्रदर्शन भरवायची. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला या माळ्यात दिसतं. एकटीने घरी कागद ताणायला बळ राहत नाही, हे त्यांनाही माहीत होतं, म्हणून त्या जमायच्या.

शिवाय ती शिकवता शिकवता स्वतःही शिकत राहिली. हॉवर्डमध्ये प्राध्यापक असतानाच तिने तिथूनच १९४५ साली कलाशिक्षणाची पदवी घेतली.

निशिगंध

त्या 'लिटल पॅरिस' गटातलं एक नाव मुद्दाम सांगायला हवं: अल्मा थॉमस. हॉवर्डच्या ललितकला विभागाची पहिली पदवीधर, १९२४. नंतर वॉशिंग्टनच्या शॉ ज्युनिअर हायस्कूलमध्ये तब्बल ३५ वर्षं कलाशिक्षिका. १९६० साली निवृत्त झाली आणि त्यानंतर तिची खरी चित्रकला फुलली. घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या होली वृक्षाच्या पानांवरचा प्रकाश बघून तिने जलरंगात रंगांचे तुकडे मांडायला सुरुवात केली आणि त्यातून ती रंगीत पट्ट्यांची, वर्तुळांची मोठी ॲक्रिलिक चित्रं आली. १९७२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात एकल प्रदर्शन, तेव्हा वय ८०. तिथे तो मान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिचं 'रेझरेक्शन' २०१५ मध्ये व्हाइट हाउसच्या संग्रहात गेलं.

म्हणून गार्गी, तुझ्याशी मी पूर्ण सहमत नाही. अल्माच्या बाबतीत शिकवण्याने चित्रकाराची तीस-पस्तीस वर्षं घेतलीच. आपण पगाराच्या स्वातंत्र्याचं कौतुक करतो आणि ती किंमत मात्र झाकून ठेवतो.

गार्गी_दे

निशिगंध, किंमत होतीच, ती मी नाकारत नाही. पण दोघींच्या नोकरीत फरक आहे. अल्मा शाळेत होती. वर्षभर, दिवसभर, बारा-चौदा वर्षांची मुलं. लोइस विद्यापीठात होती, तिला रजा मिळायची, संशोधनाला पैसा मिळायचा. १९७० मध्ये ती आफ्रिकेतल्या ११ देशांत फिरली. तिथल्या चित्रकारांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांच्या कामाच्या हजारभर स्लाइड्स हॉवर्डसाठी आणल्या. तो प्रवास शिक्षिका म्हणून झाला, विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी. आणि त्याच प्रवासातून तिची सत्तरीच्या दशकातली सगळ्यांत धीट चित्रं आली. 'उबी गर्ल फ्रॉम ताय रीजन' पाहा, १९७२ चं. चेहऱ्यावर रंगवलेल्या खुणा असलेली मुलगी, तिच्याभोवती मुखवट्यांच्या रेषा आणि कापडासारखी सपाट नक्षी. बिननावाच्या डिझाइन्सचा तो हात पंचेचाळीस वर्षांनी परत आला आणि या वेळी खाली सही होती.

अनिकेत_ज

वाचतोय, आवडतंय. एका ठिकाणी अडलो. वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन गॅलरीच्या १९४१ च्या बक्षिसाबद्दल इंटरनेटवर वाचलं की चित्र तिने स्वतः दिलं नाही, गोऱ्या मैत्रिणीकरवी पाठवलं. हे जरा खटकलं. अन्याय होता तर उघड विरोध का नाही केला? लपून बक्षीस घेतल्याने नियम तर तसाच राहिला.

वसुधा_मेरीलँड

अनिकेत, आधी प्रसंग नीट सांगते. चित्राचं नाव 'इंडियन शॉप्स, गे हेड'. यातले इंडियन म्हणजे तिथले मूळ रहिवासी, वाम्पानोआग लोक. मार्थाज व्हिनयार्डच्या पश्चिम टोकाला चिकणमातीचे रंगीत कडे आहेत, तिथली त्यांची दुकानं. कॉर्कोरनच्या त्या वार्षिक स्पर्धेत कृष्णवर्णीयांना भाग घ्यायला बंदी होती. ताबारीने चित्र नेऊन दिलं. त्याला निसर्गचित्राचं रॉबर्ट वुड्स ब्लिस पारितोषिक मिळालं. लोइस ते घ्यायला गेली नाही. घेणारी कोण हे कळलं असतं तर ते काढून घेतलं गेलं असतं, म्हणून ते टपालाने मागवलं. इतर ठिकाणीही ती चित्रं खोक्यात बंद करून पाठवायची, स्वतः जायची नाही. परीक्षकांनी कॅनव्हास बघावा, चेहरा बघू नये म्हणून.

आता तुमचा प्रश्न. १९४१ च्या वॉशिंग्टनमध्ये एका प्राध्यापिकेने उघड विरोध केला असता तर चित्र दाराबाहेर राहिलं असतं, एवढंच झालं असतं. चित्र आत गेलं, भिंतीवर लागलं, जिंकलं. नियम कसा पोकळ आहे याचा पुरावा त्याच गॅलरीच्या भिंतीवर टांगला गेला. माझ्या दृष्टीने तोही विरोधच.

रंगपेटी

वसुधाताई +१. माझ्या मनात मात्र ताबारीच राहिली. परक्या देशात, युद्धाच्या काळात, मैत्रिणीचं चित्र काखोटीला मारून स्पर्धेच्या टेबलापर्यंत जायचं. तिनेही काही पणाला लावलंच असणार.

अनिकेत_ज

वसुधाताई, पटलं. गॅलरीने पुढे काही केलं का?

वसुधा_मेरीलँड

१९९४ साली जाहीर माफी मागितली आणि तिचं मोठं प्रदर्शन भरवलं. तोवर ती नव्वदीला टेकली होती. अर्ध्या शतकाहून जास्त काळ लागला, याचा मला आजही राग येतो. कॉर्कोरन गॅलरी २०१४ मध्ये बंद झाली आणि तिच्या संग्रहातला मोठा भाग नॅशनल गॅलरीकडे गेला.

जुना_रंगारी

आतापर्यंत जलरंगांवर कोणी बोललंच नाही, म्हणून लिहितो.

जोन्सबाई संकल्प आणि जलरंग हे दोन्ही विषय एकत्र शिकवत, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे संकल्प म्हणजे पोस्टर कलर, सपाट भरणी, काटेकोर कड. आणि जलरंग म्हणजे निसर्गचित्र, ओल्यावर ओलं, वाहू द्यायचं. विद्यार्थी या दोन गोष्टी वेगळ्या कप्प्यांत ठेवतात. खरं तर पारदर्शक जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागदच. तो कुठे राखायचा, हे पहिला वॉश (पातळ रंगाचा थर) टाकायच्या आधी ठरवावं लागतं. हा निर्णय संकल्पाचाच आहे. कापडाची नक्षी करणाऱ्याला मोकळी जागा दिसते, कारण आकार आणि त्याभोवतालची रिकामी जागा दोन्ही पुन्हा पुन्हा छापले जाणार असतात.

बाईंची सेडॅलियाच्या काळातली जलरंगातली चित्रं पाहा. लाकडी झोपड्या, मोकळं अंगण. फळ्यांच्या उभ्या रेषा हलक्या हाताने सोडल्यात, छपराची सावली एका दमात टाकली आहे आणि मग तिला हात लावलेला नाही. तिशीच्या आतल्या माणसाला हा संयम सहसा नसतो. 'अजून थोडं' म्हणत सावली गढूळ करून टाकणं ही आपली सगळ्यांची खोड. मी वर्ग घेतो तेव्हा निम्मा वेळ 'आता ब्रश खाली ठेव' एवढंच सांगण्यात जातो.

आणखी एक. तैलरंगात ती सेझानच्या वाटेने गेली, रंग सुरीने लावला, पण त्याही चित्रांत उजेड आतून येतो. तो माणूस आधी जलरंगातून शिकलेला आहे, हे लगेच कळतं.

कोऱ्हाळकर

रंगारीकाका, ब्रश खाली ठेवण्याचं वाक्य माझ्या टेबलासमोर चिकटवतो आहे.

आता थोडा विरोधी सूर. गुगलवर तिची चित्रं बघितली तर ती एका माणसाची वाटतच नाहीत. फ्रान्सची गावं, मग हैतीचे भडक बाजार, मग आफ्रिकी नक्षी. शैली अशी एक नाही. म्हणून तर नाव मागे पडलं नसेल?

निशिगंध

हैती हा मधला दुवा समजून घेतल्याशिवाय ते तसंच वाटणार. १९५३ मध्ये तिने हैतीचा ग्राफिक डिझायनर लुई व्हर्न्यो पियेर-नोएल याच्याशी लग्न केलं, दक्षिण फ्रान्समधल्या काब्री गावात. पुढच्या वर्षी हैती सरकारच्या निमंत्रणावरून ती तिथे गेली आणि पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये शिकवलंही. फ्रान्सचा करडा उजेड संपला आणि थेट डोक्यावरचं ऊन आलं. सावल्या निळ्या-जांभळ्या झाल्या, माणसं मोठे सपाट आकार होऊन आली, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाजारातल्या बायका. नंतर हैतीतल्या वोडू पंथाच्या पूजेत जमिनीवर पिठाने काढतात त्या आकृत्या तिच्या चित्रांत शिरल्या. तिथून आफ्रिकेपर्यंतचा रस्ता सरळ आहे.

गार्गी_दे

कोऱ्हाळकर, एकच शैली धरून ठेवणं बाजाराला सोयीचं असतं. गॅलरीला सांगता येतं, हा अमुक प्रकारचा चित्रकार. तिला विद्यार्थ्यांना दहा वाटा दाखवायच्या होत्या आणि ती स्वतः दहा वाटांनी चालली. नाव मागे पडायचं कारण मी शैलीत शोधणार नाही. जिची चित्रं स्पर्धेत लपवून न्यावी लागत, तिचं नाव वेळेवर कसं होणार?

आणि १९४४ चं 'मॉब व्हिक्टिम' विसरू नका. झुंडीने ठार मारण्याच्या घटनांवर काही करावं, असा विचारवंत अलेन लॉक यांचा आग्रह होता. वॉशिंग्टनच्या यू स्ट्रीटवर तिला एक म्हातारा माणूस चालताना दिसला. तिने त्याला मॉडेल म्हणून बसायची विनंती केली. त्याने अशी एक हत्या डोळ्यांनी पाहिली होती. मरणाऱ्या माणसाने मान कशी वर केली होती ते त्याने तिला करून दाखवलं. चित्रात आधी दोर होता. तिने तो काढून टाकला. फक्त बांधलेले हात आणि वर गेलेली नजर ठेवली. रंगारीकाका म्हणतात तो संयम मला इथेही दिसतो.

रंगपेटी

तिचे विद्यार्थी आणखी कोण? यादी नको, एखादं उदाहरण पुरे.

वसुधा_मेरीलँड

डेव्हिड ड्रिस्कल. हॉवर्डचा १९५५ चा पदवीधर. स्वतः चित्रकार, पण त्याहून मोठं काम म्हणजे १९७६ साली लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयात त्याने मांडलेलं 'टू सेंच्युरीज ऑफ ब्लॅक अमेरिकन आर्ट' हे प्रदर्शन. कृष्णवर्णीय चित्रकारांचा दोनशे वर्षांचा इतिहास एका जागी आणला, त्यात त्याच्या गुरूही होत्या. पुढे तो मेरीलँड विद्यापीठात शिकवत होता, आज तिथे त्याच्या नावाचं केंद्र आहे.

कोऱ्हाळकर

पुढच्या वर्षी मुलीकडे व्हर्जिनियाला येणार आहे. वॉशिंग्टनमध्ये तिचं काय काय बघायला मिळेल? मला तर मुख्यतः जलरंगच बघायचेत.

वसुधा_मेरीलँड

नक्की या! 'ले फेतिश' स्मिथसोनियनच्या अमेरिकन कला संग्रहालयाकडे आहे, तिथे प्रवेश मोफत. पॅरिसच्या चौकाचं 'प्लास द्यु तेर्त्र' फिलिप्स कलेक्शनकडे. स्त्री कलाकारांच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे १९४९ चं फ्रेंच पर्वतातलं 'आरो' आणि १९७२ चं 'ओड टू किन्शासा' आहे, ही दोन शेजारी लावलेली मिळाली तर तुमच्या शैलीच्या प्रश्नावर तिथेच उभं राहून बोलू.

जलरंगांचं मात्र आधी ठरवून यावं लागेल. कागदावरच्या कामांचे रंग उजेडाने उडतात, म्हणून संग्रहालयं ती कामं कायम भिंतीवर ठेवत नाहीत, थोडे महिने लावून परत अंधाऱ्या कपाटात ठेवतात. बऱ्याच ठिकाणी अभ्यासासाठी आधी वेळ मागितली तर टेबलावर काढून दाखवतात. तारखा कळवा, मी ईमेल कसा लिहायचा ते व्यक्तिगत निरोपात कळवते. रंगारीकाका, तुमचंही येणं होणार असेल तर दोघांची वेळ एकत्रच मागू.